वहीत नसलेलं नाव

"खोड एकच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुठ्ठ्यावर कोळशाने जाड रेघ ओढली. "ह्या सगळ्या फांद्या त्यातूनच फुटल्यात. सांग त्यांना, लिब्रादा."

लिब्रादाने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी स्पॅनिशमध्ये बोलायचं आणि लिब्रादाने ते वाराओ बोलीत सांगायचं, असं चार वर्षं चाललं होतं. ओरिनोको नदीच्या त्या फाट्यावर खांबांवर उभ्या असलेल्या तीसेक घरांना दवाखाना म्हणजे लिब्रादाच. तिची पत्र्याची पेटी, तिचं बर्फाचं भांडं आणि तिची निळी वही. वर्षापूर्वी तिनेच एकेकाच्या दंडाला दोरी आवळून रक्त काढलं होतं. नळीवर नुसता आकडा जायचा. कोणता आकडा कुणाचा, ते फक्त वहीत असायचं.

"राजधानीत ते रक्त उलगडून पाहिलं," बाई सांगत होत्या. "पलीकडच्या फाट्यावर माणसाला झिजवणाऱ्या ह्या रोगाचे दोन वेगळे वाण निघाले. तुमच्याकडे एकच. एकाचा विषाणू दुसऱ्याच्या विषाणूचा सख्खा भाऊ म्हणावा इतका सारखा. म्हणजे तो इथे एकदाच शिरला आणि भराभर पसरला. आता सगळ्यांनी गोळ्या घेतल्या तर इथेच अडवता येईल."

बाईंना ही चांगली बातमी वाटत होती आणि तशी ती होतीही. पण सांगता सांगता लिब्रादाची जीभ जड झाली. तिच्या माणसांना रोग आपोआप होत नाही, कुणीतरी तो धाडतो. गर्भ पडला, ताप चढला, मूल गेलं, की म्हातारा विसिरातू, म्हणजे वस्तीचा मांत्रिक, लांबलचक विडी पेटवून, खुळखुळा वाजवून पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की कुणी केलं? इतकी वर्षं मरणं चाळीस आणि संशय चाळीस होते, म्हणून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आज शिकल्यासवरल्या बाईने राजधानीहून येऊन सांगितलं की खोड एक.

"मग खोड कोण?" बासिलियोने विचारलं. तो वस्तीचा म्होरक्या. दोन मुलगे आणि एक सून त्याने चिखलाने लिंपलेल्या होड्यांत घालून पुरली होती.

"ते रक्तावरून कळत नाही, काका. तो माणूस कदाचित आमच्या नळीपर्यंत आलाही नसेल," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खाली पाहिलं. पाणी उतरत होतं आणि होडी गाळात रुतली असती. गोळ्यांचं खोकं लिब्रादाच्या हाती देऊन त्या निघून गेल्या. पुठ्ठ्यावरचं झाड मात्र तिथेच राहिलं.

इंजिनाचा आवाज वळणाआड गेल्याबरोबर बासिलियो म्हणाला, "वही आण."

"वहीत काय आहे? आकडे आहेत नुसते."

"आकड्यामागे माणूस आहे ना? मग आण की."

"अहो, ती कशाला दाखवेल?" मागून एक बाई करवादली. "वही नसली तरी सगळ्यांना ठाऊक आहे कोण ते. बसलीये बघा तिकडे, झोळी विणत."

सगळ्यांच्या माना तोमासाकडे वळल्या. तोमासा मुलगा म्हणून जन्मली होती, पण दहाव्या वर्षापासून बायकांत बसून ताडाच्या धाग्याच्या निजायच्या झोळ्या विणत आली. जुन्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नसे. असतात आपल्यात अशी, म्हणायची. मरणं वाढत गेली तशी तीच माणसं तिच्या चुलीवरचं खाईनाशी झाली. गेल्या सात महिन्यांत तोमासाने गोळीचा एक दिवस चुकवला नव्हता आणि तिच्या गालांवर पुन्हा मांस धरू लागलं होतं.

"ओहोटी आहे," बासिलियो शांतपणे म्हणाला. "होडीत बसवू आणि समुद्राकडे सोडून देऊ. वल्हं द्यायचं नाही."

"बासिलियोदादा, सोडायचं तर ही झोळी पुरी झाल्यावर सोडा," तोमासा म्हणाली. "तुमच्याच नातीची आहे. अर्धवट राहिली तर तीच बोंबलेल तुमच्या नावाने." कुणी हसलं नाही. दोन बाप्ये उठून तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

लिब्रादा वही आणायला गेली. घर वीस पावलांवर, पण तेवढ्यात तिने काय काय मनात आणलं! खाडीच्या तोंडाशी वल्ह्याविना होडी किती टिकते हे तिला ठाऊक होतं. समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हेही ठाऊक होतं. ह्यांना नाव हवं होतं. नाव मिळाल्याशिवाय ही माणसं घरी जाणार नव्हती, आणि जिवंत माणसाचं नाव सांगितलं की तो माणूस संपला.

तिचा एक धाकटा भाऊ होता. तिच्या लोकांत गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की त्याला ऐकू जातं आणि तो परत येतो. म्हणून आपणही त्याला नुसता धाकटाच म्हणू. धाकटा कोळंबीच्या बोटींवर दोन हंगाम काढून आला होता. येताना आईला कापड आणि स्वतःला बूट आणले होते. बूट घालून फळ्यांवरून चालायचा तेव्हा घर हलायचं आणि आई ओरडायची. तीन वर्षांपूर्वी तो गेला. लिब्रादाने त्याला न्हाऊ घातलं तेव्हा तो लहान मुलाएवढाच भरला होता.

दुसऱ्याच्या मेलेल्यावर बोट ठेवायचा तिला हक्क नव्हता. आपल्यावर होता, असं तिने ठरवलं.

ती परत आली, वही उघडली आणि एका पानावर बोट टेकवलं. समोरच्या रांगेत आई बसली होती. लिब्रादाने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"एलादियो," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी कान झाकले. एका बाईने पोरांना उचलून मागच्या मागे पळ काढला. विसिरातूने हातातली विडी विझवली.

"काय बोललीस तू?" बासिलियोने विचारलं.

"एलादियो. माझा भाऊ. बोटीवरून त्यानेच आणलं. खोड तो होता. ह्या तोमासाला त्याच्यानंतर झालं, माझ्या वहीत आहे. आता घाला त्याला होडीत आणि द्या सोडून."

ते दोघे बाप्ये तोमासाजवळून हळूच बाजूला झाले. तीन वर्षांपूर्वी मेलेल्या पोराचं कुणी काय करणार? माणसं उठली आणि आपापल्या घरी गेली. बासिलियोने तेवढा जाताना तो पुठ्ठा उचलला. मग त्याने तो पाण्यात टाकला.

लिब्रादाचं बोट ज्या ओळीवर होतं ती ओळ कोरी होती. रक्त काढायला सुरुवात झाली तेव्हा धाकट्याला जाऊन दोन वर्षं झाली होती; पण नाव ऐकून दचकलेल्या कुणालाच ते आठवलं नाही. तो बोटीवरून रोग घेऊन आला की इथल्याच कुणाकडून त्याला लागला, हे जगातलं कुठलंही यंत्र आता सांगू शकणार नव्हतं. ती सरळ सरळ खोटं बोलली होती. ज्या पोराला कडेवर घेऊन तिने वाढवलं त्याच्या माथी तिने चाळीस मरणं मारली होती.

आठवडाभरात शेजारच्या दोन्ही घरांनी झोळ्या सोडल्या, भांडी होडीत टाकली आणि पलीकडच्या काठावर बिऱ्हाडं हलवली. नाव घेतलेल्या मेलेल्याच्या शेजारी कोण राहील? गोळ्या न्यायला माणसं यायची, पण घरात पाऊल न टाकता होडीतूनच हात पुढे करायची. तोमासा तेवढी वर यायची, गोळी तिथेच गिळायची आणि थोडा वेळ बसून जायची.

संध्याकाळी भरती चढली की घराच्या फळ्या वाजत. लाकूड फुगतं, दुसरं काही नाही, असं लिब्रादा स्वतःला सांगत असे. पण एकामागून एक, दारापासून चुलीपर्यंतच्या फळ्याच तेवढ्या वाजत. ती मान वळवत नसे. तिला भीती वाटायची आणि भीतीपेक्षा जास्त शरम वाटायची.

आई तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हती. नवव्या दिवशी संध्याकाळी फळ्या वाजल्या. चुलीपाशी येऊन थांबल्या. आईने मासा आणि उकडलेले अळूचे कंद दोन ताटल्यांत वाढले. मग तिसरी ताटली घेतली आणि रिकामीच लिब्रादाच्या पुढ्यात सरकवली.

"मी नाही वाढणार," आई म्हणाली. "तू हाक मारलीस त्याला. आता जेवायलाही तूच घाल."

"आई, मी त्या तोमासासाठी..."

"कळतं मला. मी काय खुळी आहे? तिला वाचवलंस, चांगलं केलंस." आईने डोळे पुसले. "पण आलाय तो. आणि त्याला वाटत असणार, ताईने मायेनं बोलावलं."

लिब्रादाने माशाचा मधला तुकडा उचलून ताटलीत ठेवला आणि बोटांनी चाचपून एकेक काटा काढू लागली. काटे संपल्यावर तिने कंद पाण्यात कालवून पातळ केला, कारण शेवटी शेवटी त्याला गिळता येत नव्हतं.