बोर्डावरचा माणूस

"तूच विचार ना, मावशी," असं म्हणत शॉन्ड्राने फोन व्हर्लीनच्या पुढ्यात सरकवला.

व्हर्लीनने हात मांडीवरून उचलले नाहीत. "माझ्या तोंडून नको गं, बाळा. एकदा विचारलं होतं मी."

शॉन्ड्राच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन मंगळवारी होतं. चार वर्षांपूर्वी तिच्या आईच्या, ओझेलाच्या, हर्नियाच्या वेळीही चौकशी व्हर्लीननेच केली होती. सर्जन बोर्डाचा आहे का ते विचारावं, असं तिने रेडिओवर ऐकलं होतं. दवाखान्यातली बाई मोठी गोड बोलली. "म्हणजे काय! आमचे डॉक्टर बोर्डावरच आहेत. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असतात."

व्हर्लीनचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या मेकन गावातल्या चर्चांमध्ये बोर्डावर बसणं म्हणजे पोरखेळ नव्हता. ती स्वतः सव्वीस वर्षं दारावरच्या सेवेकऱ्यांच्या बोर्डावर होती. आधी वर्षभर पारखतात, मग पांढरे हातमोजे देतात. हे तर डीकनांच्या, चर्चच्या कारभारी मंडळींच्या, बोर्डावरचे! "बिनघोर जा," ती बहिणीला म्हणाली, "बोर्डावरचा माणूस आहे."

"मग टाकेसुद्धा तालात घालेल की!" ओझेला हसली होती.

ती परत आली नाही. मागाहून कळलं, की त्या डॉक्टरच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेला सोनेरी शिक्क्याचा कागद हा राज्याचा नुसता परवाना होता. त्यावर डॉक्टरकी करता येते. शस्त्रक्रियेचं वर्षानुवर्षांचं शिक्षण झाल्यावर अवघड परीक्षा घेणारं बोर्ड निराळंच. त्याचं त्या गृहस्थाने तोंडही पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यावर चढलं, मंडळी उभी राहून साद घालू लागली, की व्हर्लीनला मागच्या बाकावरून ओझेलाचा आवाज यायचा. सगळ्यांच्या अर्धी मात्रा मागे. बोर्डावरचा माणूस... बोर्डावरचा माणूस... ती मान वळवायची नाही. हातमोजे घातलेले हात घट्ट धरून दाराशी उभी राहायची.

"प्रश्न बरोबर होता गं तुझा," शॉन्ड्रा म्हणाली. "उत्तर भलत्याच बोर्डाचं आलं. आता थेट परीक्षा घेणाऱ्यांनाच विचार. आणि हे बघ, ते चर्चला जातात का, हे विचारायचं नाही हं!"

व्हर्लीनला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिने फोन लावला. नव्या सर्जनचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

"हो, मॅडम," पलीकडून एक तरुण आवाज आला. "शस्त्रक्रियेच्या बोर्डाची परीक्षा उत्तीर्ण आहेत. प्रमाणपत्र चालू आहे."

शॉन्ड्राने डोळे मिटून देवाचे आभार मानले. व्हर्लीनने मात्र फोन ठेवला नाही.

"आणखी एक नाव बघाल का, साहेब?" आणि तिने ओझेलाच्या सर्जनचं नाव सांगितलं. तेही एकेक अक्षर सुटं करून. शॉन्ड्राने डोळे उघडले, पण मावशीला अडवलं नाही.

"नाही, मॅडम. या नावाचं आमच्याकडे कुणीच नाही. कधी नव्हतंच. आणखी काही?"

"नाही, बाळा. देव तुझं भलं करो."

तिने फोन ठेवला. शेगडीवरची भेंडी अजून करपलीही नव्हती.

"किती वेळ लागला गं?" तिने विचारलं.

शॉन्ड्राने घड्याळाकडे पाहिलं.

"दोन मिनिटं," व्हर्लीन स्वतःच म्हणाली.