पाहुण्याचा तांब्या

माणिकरावांनी वहाणा काढून ओसरीच्या कडेला सरकवल्या आणि बूड टेकवायच्या आधीच प्रश्न विचारून टाकला.

“मौलवीसाहेब, परधर्माच्या माणसाशी कसं वागावं म्हणून तुमच्या किताबात सांगितलंय?”

पुसेगावच्या मशिदीत नमाज पढवणारे दस्तगीरसाब तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि पाहुण्याकडे नीट पाहून घेतलं.

“आदी बसा तर खरं,” ते म्हणाले. “उन्हाचं चालत आलात. पानी घ्या, मंग बोलू.”

माणिकराव वाशीमच्या शाळेतले मास्तर. सहिष्णुता हा त्यांचा आवडता विषय. त्यावर ते तासभर बोलत, आणि कोणी अडवलं नाही तर आणखी तासभर. निजामाची राजवट जाऊन दोन-तीन महिने झाले होते. इकडचे, मराठवाड्यातले मुसलमान आता काय म्हणतात, त्यांच्या धर्मग्रंथात खरोखर काय आहे, हे पेपरात वाचण्यापेक्षा स्वतः जाऊन विचारावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. मित्रांनी वेड्यात काढलं तेव्हा तर त्यांना अधिकच हुरूप आला. सेनगावापर्यंत बैलगाडीनं आणि पुढे पायी अशी मजल मारून ते आले होते, आणि आपण आलो याचं त्यांना स्वतःलाच बरंच कौतुक होतं.

दस्तगीरसाब घरात गेले नाहीत. त्यांनी कुडावरून शेजारी हाक मारली.

“चंद्रभागा वैनी, पाव्हनं आलंय.”

थोड्या वेळानं शेजारच्या धनगराच्या घरातून एक पोक्त बाई लख्ख घासलेला पितळी तांब्या आणि फुलपात्र घेऊन आली. पाहुणा कोण, कुठला, काही न विचारता तिनं पाणी ओतलं. माणिकराव घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या आणि मूळ मुद्द्यावर आले.

“तर किताबात काय म्हटलंय?”

“पुष्कळ म्हटलंय,” दस्तगीरसाब म्हणाले. “दीन, म्हंजी धरम, कुनावर लादू नये. शेजारी उपाशी असताना आपन पोटभर जेवू नये. पर आज मी चांगलं चांगलं सांगितलं तर तुमाला वाटंल, म्हातारा भेऊन सांगून राहिला. तवा तुमी गावालाच विचारा. मी कसा वागलो ते गाव सांगंल.”

माणिकरावांना हे फार आवडलं. वाशीमला गेल्यावर हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव ते मनात करू लागले. ती करता करता त्यांची नजर तांब्यावर गेली. गळ्याशी उर्दू अक्षरं कोरलेली होती.

“हा तांब्या तुमचा आहे?”

“व्हय, आमचाच. माह्या वालिदांनी घेतलेला. ऱ्हातो मात्र वैनीच्या घरी.”

“असं का?”

दस्तगीरसाबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “हिंदू पाव्हनं आलं की लागतो ना. आमच्या घरचं पानी तुमी घेत न्हाई. मंग दारात आलेल्या मानसाला ‘नको’ म्हनाया कशाला लावायचं? त्याला बी तकलीफ, आमाला बी.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर माणिकरावांनी उत्तर दिलं असतं, उत्तरं त्यांच्याकडे तयार असत. आता मात्र त्यांचे कान तापले. इतका वेळ आपण काय काय विचारलं ते सगळं त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागलं. पाणी पिताना ते कुठल्या घरातून आलंय हे आपल्या ध्यानातही आलं नाही, आणि आपल्या मनाजोगत्या घरातून आलं म्हणूनच ध्यानात आलं नाही, हे त्यांना चांगलंच कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तटकन उठले. दाराशी रांजण होता, त्याच्या झाकणावर जर्मन धातूचा गिलास पालथा घातलेला होता. त्यांनी झाकण सारलं आणि गिलास बुडवला. समोरच्या पारावर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. गिलास तोंडाजवळ गेला तोच दस्तगीरसाबांनी त्यांचं मनगट धरलं.

“नका घेऊ.”

“मला याचं काही वाटत नाही, मौलवीसाहेब.”

“तुमाला न्हाई वाटत. तुमी जाल वाशीमला. मागं बाजारात कुनीतरी म्हनंल, मौलवीनं मास्तरला बाटवलं. मंग दुसरा त्याला तिखटमीठ लावंल. औंदाचं साल तसंच हाय. मी कुना-कुनाला समजवू?”

चंद्रभागाबाई अजून तांब्या घेऊन तिथंच उभी होती. ती माणिकरावांशी पहिल्यांदाच बोलली.

“राजवट गेली तवा लोकं काठ्या घेऊन आलते या दारात. माह्या मालकानं आडवं होऊन सांगितलं, हा मानूस कुनाच्या वाटंला गेला न्हाई, रीत सोडून वागला न्हाई. म्हनून हे घर उभं हाय. तुमचं मन मोठं हाय ते दिसलं आमाला. आता ठिवा तो गिलास.”

माणिकरावांनी पाराकडे पाहिलं. तिथलं बोलणं थांबलेलं होतं. एवढ्या लांबून येऊन आपण या घरावर काय आणत होतो, या विचारानं त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी गिलास रांजणात रिकामा केला.

आणि तेव्हाच त्यांना हायसं वाटलं. मौलवींचं घर वाचलं म्हणून वाटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते पाणी प्यावं लागलं नाही म्हणून वाटलं. मघापासून ताठ धरलेला हात एकदम सैल पडला.

दस्तगीरसाबांची बोटं अजून त्यांच्या मनगटावरच होती. क्षणभर ती तशीच राहिली. मग त्यांनी हळूच हात सोडला आणि माणिकरावांच्या तोंडाकडे न बघता, रांजणावर झाकण ठेवायला ते वळले.