झाकणाच्या आतली खूण

दत्तप्रसाद नेरूरकर बावीस वर्षं कुवेतमध्ये घड्याळं दुरुस्त करत होता आणि बावीस वर्षं सरकारदरबारी तो आचारी होता. हवल्लीतल्या दुकानाचा मालक अबू फहद याने त्याला घरकामाच्या, म्हणजे खादिम व्हिसावर आणलं होतं. असा माणूस स्वस्त पडतो आणि दुसरीकडे जातही नाही. ओळखपत्रावर, ज्याला तिथे सगळे बताका म्हणतात, त्याच्या फोटोशेजारी ‘आचारी’ असं छापलेलं होतं. रिग्गईच्या खोलीवर पाळी आली की तो कोंबडीचं सुकं करायचा, तेवढाच काय तो आचारी.

दुकानाच्या मागच्या भागात, ट्यूबलाइटखाली त्याचं टेबल होतं. याच टेबलावर त्याने अबू फहदच्या आजोबांचं खिशातलं घड्याळ जिवंत केलं. आजोबा मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला येत-जात, तिथे घेतलेलं. चाळीस वर्षं बंद पडलेलं, सुटा भाग जगात कुठे मिळेना. रोजचं काम उरकून दत्तप्रसादने आठ महिने त्यावर डोळे फोडले आणि केसाएवढा आस हाताने घडवून बसवला. घड्याळ चाललं त्या दिवशी तो एकटाच टेबलाशी बसून रडला, हेही सांगून टाकतो.

मग त्याने झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने खूण कोरली: द. ने. १४-३-२४. सावंतवाडीला त्याला हे काम शिकवणारे मास्तर म्हणायचे, बाहेर नाव कंपनीचं असतं, आत आपलं घालावं. पुढच्या कारागिराला कळू दे, कोणाचा हात फिरलाय. मास्तरांनी मराठीत लिहायला शिकवलं, म्हणून तो मराठीत लिहायचा.

स्वित्झर्लंडच्या डोंगरात घड्याळं करणाऱ्यांचं एक गाव आहे. तिथल्या संग्रहालयाने हे घड्याळ प्रदर्शनासाठी मागितलं आणि अबू फहदला सहकुटुंब बोलावलं. “दत्ता, तू भी चलेगा,” अबू फहद म्हणाला. दत्तप्रसादचे पाय जमिनीवर ठरेनात. त्या संग्रहालयाचं जुनं चोपडं त्याच्या खणात दहा वर्षं होतं, पानं हाताळून मऊ झालेलं. ग्रहताऱ्यांचं घड्याळ कुठल्या दालनात, बागेतलं पोलादी नळ्यांचं घड्याळ किती उंच, त्याला सगळं पाठ. गावी नेरूरला आईला फोन केला, तर तिने, ठकूबाईने, संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला सांगून टाकलं.

व्हिसाच्या अर्जात व्यवसायापुढे त्याने ‘घड्याळजी’ लिहिलं. अबू फहदने तो कागद शांतपणे चार तुकडे करून टोपलीत टाकला. “अकामा में बावर्ची, इधर घड़ीवाला? तू भी फँसेगा, मैं भी.” अकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. नव्या अर्जात तो मालकाच्या कुटुंबासोबत जाणारा आचारी झाला. एकदा तिथे पोचलो की झालं, असं म्हणून दत्तप्रसादने सही केली. गाढवपणा केला तो इथे.

कारण तिथे पोचल्यावर अबू फहदच्या घरच्यांना भात हवा होता. भाड्याचं घर म्हणजे घड्याळजींची जुनी कार्यशाळाच होती. कामाला उजेड मिळावा म्हणून भिंतभर खिडक्या, त्यांच्याखाली लांबच लांब लाकडी फळी. तिथे बसून शंभर वर्षं माणसांनी चाकं घासली होती. इतका सुंदर उजेड दत्तप्रसादला जन्मात मिळाला नव्हता, आणि त्या उजेडात त्याने तीन दिवस कांदा चिरला. पहिल्या दिवशी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी बाकी सगळे संग्रहालयात गेले. रात्रीच्या जेवणाचं मटण शिजत होतं, “तू कल जाना” असं ठरलं. आणि तिसऱ्या दिवशी सोमवार, संग्रहालय बंद. बागेतल्या घड्याळाचे ठोके तेवढे खिडकीतून ऐकू आले. ते मात्र त्याने सगळे ऐकले.

हवल्लीला परतल्यावर दुकानात इम्तियाजने विचारलं. हा रत्नागिरीचा, पुढे काउंटर सांभाळायचा. “काय काय बघितलंत, दत्ताभाऊ?”

“सगळं,” दत्तप्रसाद म्हणाला आणि चोपड्यातली दालनं क्रमाने सांगत सुटला. आईलाही त्याने तेच सांगितलं. ती म्हणाली, “झिला, तुझ्या डोळ्यांनी मीयां बघलंय बघ.” फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली.

आठवड्याने अबू फहद दुकानात आला, खुशीत होता. त्याने मोबाईल पुढे केला. काचेच्या पेटीत आजोबांचं घड्याळ, झाकण उघडं, मागे आरसा, आरशात सुईची खूण. खाली पाटी. इम्तियाजने ती वाचून दाखवली: दुरुस्ती करणाऱ्याची खूण, मुंबई, सुमारे १९२४. कारागीर अज्ञात.

अबू फहद हसत हसत सांगू लागला. तिथला म्हातारा तज्ज्ञ भिंग लावून खूण बघतच राहिला. म्हणाला, हा आस ज्याने घडवला त्याचा हात मला बघायचा होता. आता व्हिसावरचा आचारी कसा पुढे करणार? मग खुणेतले मराठी आकडे फोनवरच्या भाषांतराने वाचून दिले आणि शतक अबू फहदने पुरवलं. “मैं बोला, दादा के टाइम का बम्बईवाला, कब का मर गया. बहुत खुश हुआ वो. पुरानी चीज़ का इज़्ज़त ज़्यादा.” त्याने दत्तप्रसादच्या खांद्यावर थाप मारली. त्याला खरंच वाटत होतं की आपण कौतुक करतोय.

“त्या वेळी मी कुठे होतो?” दत्तप्रसादने मराठीतच विचारलं.

इम्तियाजने ते मालकाला हिंदीत विचारलं आणि खाली बघत उत्तर सांगितलं, “घरी. मटण करत होतात.”

जाताना अबू फहदने हातातलं घड्याळ काढून सफाईसाठी टेबलावर ठेवलं. इम्तियाज जवळ आला. “दत्ताभाऊ, ह्यापुढे इंग्रजीत लिवा. नाव, साल, मोबाईल नंबर.”

तेवढ्यात आईचा फोन आला. नोव्हेंबर लागला होता, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ती बँकेत गेली होती. “समोर उभी आसंय, तरी म्हणतत, जिवंत आसंय ह्याचो कागद दी,” ती सांगत होती. “दिलंय अंगठो.”

फोन ठेवून दत्तप्रसादने मालकाच्या घड्याळाचं झाकण उघडलं. आत त्याच्याच पाच खुणा होत्या, पाच सफायांच्या. त्याने डोळ्याला भिंग लावलं, सुई घेतली आणि सहावी कोरली, मराठीतच, या वेळी चारी आकड्यांचं साल घालून. पुढे जागा होती. तिथे त्याने आणखी एक शब्द कोरला, हयात, आणि झाकण घट्ट बसवलं. दुपारी घड्याळ मालकाच्या मनगटावर गेलं. त्याने वेळ बघितली आणि विचारलं, आज जेवायला घरी पाहुणे आहेत, येशील ना मटण करायला?