गाळणीचं कापड

"ह्ये वाळू द्यायचं न्हाय, ध्यानात ठिव," बादलीतलं काळं कापड पाण्याखाली दाबत बलभीम बायकोला म्हणाला. "वाळलं की आपसूक पेट घेतंय. गिरणीत बघितलंय म्या."

सत्यभामा हसली. "कापडाला काय भूत लागलंय व्हय?"

येरमाळ्याजवळच्या सहकारी तेलगिरणीत बलभीम गाळणीवर होता. तिथं तेलाचं वनस्पती तूप व्हायचं ते निकेलच्या जोरावर. निकेलची बारीक पूड पांढऱ्या मातीवर बसवलेली असायची, त्यामुळं काम झालं की ती गाळून पुन्हा वापरता यायची. वाया काही जात नाही, याचा गिरणीला भारी अभिमान. गाळणीची जुनी कापडं धुऊन कामगारांना मिळत, त्यांची वाकळ वर्षानुवर्षं टिके. यंदा, शहाऐंशीच्या दुष्काळात, धुवायला पाणी कुठलं? कोरडी होताच पेट घेणारी निकेलची पूड अडकलेली कापडं तशीच वाटली. फुकट ते पौष्टिक म्हणत बलभीमनंही एक आणलं. लेक अयोध्या पहिल्या बाळंतपणाला आली होती, बाळाला वाकळ हवी होती. पण असली वस्तू माणसानं घरात आणूच नये.

तो कामावर गेला, सत्यभामा टँकरच्या रांगेत. झोपलेल्या अयोध्येला कुणी काही सांगितलंच नाही. उठल्यावर तिला कोरडं अंगण बघवेना. घरात बाळ येणार आणि दारात सडा नाही? प्यायच्या पाण्याला हात लावायची तिची छाती नव्हती. तिनं बादलीतलं काळं पाणी अंगणात शिंपडलं, कापड पिळलं आणि कडब्याच्या गंजीवर वाळत टाकलं.

दुपारी निरोप आला आणि बलभीम सायकल हाणत घरी पोचला, तेव्हा गंजी धडाडून पेटली होती. पाऊस पडेपर्यंत बैल जगवायला तेवढाच चारा होता.

"हंडे काढ की गं!" शेजारची हरणाबाई ओरडत होती.

सत्यभामा दारात आडवी उभी होती. आत अयोध्येला कळा लागल्या होत्या.

"दोनच हंडे हायती. पाण्याला हात लावायचा न्हाय. तुमीबी न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

बलभीम ओंजळीनं माती उचलून आगीवर टाकू लागला. मातीनं काय होणार!

दिवेलागणीला मुलगी झाली. रडणं ऐकून त्याला हायसं वाटलं. पण उद्या बैल बाजारात न्यावे लागणार होते. राखेपासून लांब बांधावं म्हणून त्यानं त्यांची दावी सोडली. दोघं रोजच्या सवयीनं गंजीच्या जागी गेले आणि माना खाली घालून उभे राहिले.