फळीला लावलेलं तेल

आमच्या लेकीला, प्रमिलाला, लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला, ते साल दोन हजार तेवीस. बारसं सुकापूरला आमच्याच घरी होतं. घुगऱ्या वाटून झाल्या, माणसं जेवायला बसली, आणि माझी नात अनुया म्हणाली की तिला काम मिळतंय, पण पुण्याच्या ऑफिसात नाही, समुद्रावर.

तिचा बाप अनंता, माझा थोरला, जेवायचा थांबला. पुण्याची नोकरी त्यानेच ओळखीने बघून ठेवली होती.

अनुया दोन वर्षं दर रविवारी अलिबागच्या पुढे एका किनाऱ्यावर जायची. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायला शिकायची. तिथे वल्लरी नावाची बाई वर्ग चालवते. तिने सांगितलं होतं, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी स्वतःची फळी घेऊन ये. वर्गातली मोठी मऊ फळी सरळ वाळूवर नेते, त्यात काही कसब नाही. उन्हाळ्याची बारकी लाट धरून आडवं जायचं, डावीकडे आणि उजवीकडे वळून दाखवायचं. जमलं तर मे महिन्यापासून पोरांना शिकवायला ठेवते.

अनंताने ऐकून घेतलं. म्हणाला, जा. जमलं तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं तर सोमवारी एक मेची सुट्टी आहे, मंगळवारी पुण्याची बस.

आता फळी कुठली घ्यायची? आमचे हे, म्हणजे अनुयाचा आजा, यांनी जन्मभर पनवेलच्या खाडीत होडी चालवली. फळी मीच बघून देणार, असं यांनी भर पंगतीत सांगून टाकलं. नको म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

नवीन पनवेलला सत्यजीत नावाचा एक नोकरदार मुलगा आहे. त्याची बदली झाली म्हणून तो आपल्या फळ्या विकत होता. त्याच्या इमारतीखाली, गाड्या लावतात तिथे, भिंतीला तीन उभ्या केल्या होत्या. एक दीड माणूस उंच. एक अरुंद, टोकदार. आणि एक आखूड, रुंद, शेपटीला मधोमध खाच असलेली.

माठ घेताना वाजवून बघतात तसं यांनी तिन्हींना टिचक्या मारून पाहिलं आणि लांब फळीवर हात ठेवला.

"ही घे. लांब होडी पान्यावर धावते. आखूड होडी नुसती नाचते."

"आजा, मला नाचायचंच हाय ना," अनुया म्हणाली.

मग तिने आजाला समजावलं. उन्हाळ्यात लाट जेमतेम गुडघ्याएवढी, तिच्यात ढकलायला जोर नसतो. अरुंद फळी अशा पाण्यात पायाखाली बसते. लांब फळी तरंगते, पण मनासारखी वळत नाही. ही आखूड रुंद आहे, पोटाला सपाट, मधे जाड. एवढ्याशा लाटेवरही ती सुटते आणि पाय दाबला की वळते. सत्यजीतने सांगितलं की या घडणीला फिश म्हणतात. खाली दोन पाती होती तीही त्याने दाखवली.

यांनी खाच पाहिली, बोथट तोंड पाहिलं. म्हणाले, "हिला नाळ नाय, होडीसारखा फुडचा टोक नाय, काय नाय. पापलेट हाय ही. पापलेट खायाचा, त्याच्यावर उभा नाय रवायचा."

मी म्हटलं, "उभे तुमी रवनार का ती?"

हे जाऊन रिक्षात बसले. अनुयाने आखूड फळी घेतली. घरी येईस्तोवर यांनी तोंड बाहेर करून रस्ता बघितला, आणि पुढे रविवारपर्यंत नातीशी बोलले ते फक्त मीठ दे, पाणी दे, एवढंच.

रविवारी पहाटे मी अंगणात आले तर हे फळी मांडीवर घेऊन बसलेले. करंज्याला यांच्या पुतण्याची, बाळूची, होडी आहे. त्याच्याकडून माशाचं तेल आणलं होतं आणि चिंधीने फळीला दोन्ही बाजूंनी चोळत होते. नवी होडी तेलाशिवाय पाण्यात जात नाही, ही आमच्याकडची रीत. टोकाला कुंकूही लावलं होतं. मला बरं वाटलं. राग गेला म्हणायचा.

फळी चादरीत गुंडाळून यांनीच गाडीच्या टपावर बांधली. अनंता गाडी चालवत होता. पळस्प्याला गर्दीत थांबलो तर टपावर धपधप आवाज. कावळे. एक उडवला की दोन बसत होते. बाजूचा टेम्पोवाला खाली वाकून म्हणाला, "काका, मासळी वर ठेवलीत का?" अनुयाला वासाचं कळलं नाही. आजीने डब्यात सुकट घेतली असणार, असं तिने धरलं होतं, आणि ती घेतली होतीच.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा वल्लरी वाट बघत होती. तिने सांगितलं की ओहोटी लागली आहे, लाट फार तर तासभर मिळेल. अनुयाने चादर सोडली. पाय घसरू नये म्हणून या फळ्यांना वरून मेण घासतात. ते घासायला घेतलं तर लागेचना. वडी नुसती सटकायची. तिने बोट फिरवलं, हुंगलं आणि आजाकडे बघितलं.

"तेल लावल्याबिगर होडी पान्यात घालतान का?" हे म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. काय झालं ते यांना तोवर कळलं होतं.

अनुयाने ओढणीने पुसायला सुरुवात केली, तसं तेल जास्तच पसरलं. यांनी ओली वाळू मुठीत घेतली, तर वल्लरीने हात धरला, चरे पडतील म्हणाली. मी उठले आणि भजीच्या टपरीवर गेले. तिथल्या बाईकडे बेसन मागितलं. न्हाताना डोक्याचं तेल आम्ही बेसनानेच काढतो. तिला वाटलं मला उधार भजी हवी आहेत. शेवटी ताटलीभर दिलं.

मग आम्ही चौघं त्या फळीभोवती बसलो. वल्लरीने भांड्यांचा साबण आणला. सगळ्यांत जास्त जोर लावून कोण घासत होतं, तर अनंता. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कोपरापर्यंत पीठ. मी म्हटलं, तू कशाला, तुला तर मंगळवारची बस हवी. तो म्हणाला, "आये, गप घास."

धुऊन, पुसून, सुकवून पुन्हा मेण लावलं. या वेळी धरलं.

अर्धा तास उरला होता. पहिल्या लाटेला अनुया उभी राहिली आणि पडली. दुसरी तिने सोडून दिली. तिसरी अगदी मरतुकडी होती, मला वाटलं हीही वाया जाणार. पण फळी अलगद सुटली. अनुया उठली, गुडघे वाकवले आणि किनाऱ्याला समांतर निघाली. पांढरी कड मागून येत होती आणि ती तिच्या पुढे पुढे. मग डावीकडे वळली. पुढच्या लाटेवर उजवीकडे. मग कंटाळा येईस्तोवर तेच.

यांनी डोळ्यांवर हात धरला होता. म्हणाले, "पापलेट जाते बरी."

वल्लरीने तिला एक तारखेपासून यायला सांगितलं. अनंताने हात धुतले, बाजूला जाऊन पुण्याला फोन लावला आणि मुलगी येणार नाही म्हणून कळवलं. आल्यावर भजी मागवली. बेसन दिलेल्या बाईने त्यातली एक ताटली आमच्याकडून काही न घेता दिली.

दुपारी भरती परत लागली, वर्गाची माणसं जेवायला गेली. अनुयाने यांना वर्गातल्या मोठ्या फळीवर पालथं झोपवलं आणि कमरेएवढ्या पाण्यात एका फेसाळ लाटेपुढे ढकललं. हे बनियन आणि अर्ध्या चड्डीवर, हात पुढे ताणून, थेट वाळूत येऊन थांबले. तोंडात वाळू गेली होती तरी हसत होते. उठले आणि पुन्हा पाण्याकडे चालायला लागले. अनंता म्हणाला, बाबा, बस झालं. यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

मे महिनाभर अनुयाने पोरांना शिकवलं. पावसाळ्यात वर्ग बंद असतो. दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाला, तेव्हा सुट्टीच्या दिवशी ती आजाला सोबत न्यायची. वल्लरी त्यांच्याकडून फी घेत नसे. ते घरी आले की कानातून वाळू निघायची आणि मी ओरडायचे.

हे सगळं सांगायचं कारण, माझे पती दत्ता हाशा भोपी मंगळवारी, पाच डिसेंबर दोन हजार तेवीसला, सकाळी सुकापूरच्या घरी वारले.