अडुसष्ट

अंघोळ करताना ग्युरीच्या हातातून साबण निसटला, तेव्हा तिने बोटं एकेक करून गरम पाण्याखाली धरली. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं. करंगळीला मात्र चटका लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते हेच: मनगटात नस दाबली गेली आहे, सहा आठवडे चित्रं बंद, झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा. ऐकलं नाही तर गेलेली ताकद परत येईलच, असं नाही.

त्या सहा आठवड्यांचा तिने मनातल्या मनात एक आठवडा केला होता. आता तोही नको वाटत होता. वेबसाइटवर तिच्या चित्रकथेला दर बुधवारची जागा मिळाली होती आणि एक्केचाळिसाव्या भागाच्या अठ्ठावीस चौकटी अजून बाकी होत्या. जागा एकदा सुटली की दुसरं कुणीतरी तिथे येऊन बसतं, हे बुचॉन शहरात चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

स्टुडिओत तिने पट्टा घट्ट आवळला आणि पेन उचललं.

शेजारच्या टेबलावरच्या हेरानताईने मान वळवली. पूर्वी ती कागदावर शाईने चित्रं काढायची. आता इतरांच्या कथांमागची घरं आणि झाडं काढायची.

"पट्टा बांधून काढतेस?"

"त्याने कमी दुखतं, ताई."

"अगं, तो झोपायचा पट्टा. तो घालून चित्रं काढणं म्हणजे पाय मुरगळल्यावर घट्ट बूट घालून धावणं."

"पण रेषा बघ ना. हात बिघडला असता तर अशी आली असती का?"

पडद्यावर नायिकेचा गाल होता. एका झटक्यात काढलेली, कुठेही न अडखळलेली रेषा. ताईने ती मोठी करून पाहिली. जरा जास्तच वेळ पाहिली.

"स्टॅबिलायझर कितीवर आहे?"

"नेहमीइतकाच."

"आकडा सांग."

हाताची थरथर गाळून रेषा गुळगुळीत करणारी ती सोय वसंतात बारावर होती. ग्युरीने सेटिंग उघडलं. अडुसष्ट. दर वेळी दोन-चारच वाढवले होते. एकदा पेनचं टोक झिजलंय म्हणून, एकदा पडद्यावरची नवी फिल्म घसरडी आहे म्हणून. एकदा तर तिने अ‍ॅप बिघडलंय अशी तक्रारही लिहून पाठवली होती.

ताईने आकडा शून्यावर आणला. "एक गोल काढ."

भूकंपमापकावर उमटावी तशी रेषा उमटली.

"हा गोल आहे की किमबापची चेचलेली भाताची वळकटी?"

ग्युरीला हसू आलं नाही. तिने पेन आणखी घट्ट धरून पुन्हा काढला. दुसरा गोल पहिल्याहून वाईट आला. पेन नीट जाणवत नाही म्हणून आपण ते आवळतो, आणि आवळलं की बोटं आणखी बधिर होतात. हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

"मनगट सोड. खांद्यापासून हलव. मोठा काढ."

तिसरा गोल बेढब होता, पण थरथर कमी होती.

"अशी सवय लावता येते," ताई म्हणाली. "पण आधी नसेला आराम. सुजलेल्या हाताला नवं काही शिकवता येत नाही."

"आणि माझी जागा?"

"ते मला नाही सांगता येणार." ताई आपल्या पडद्याकडे वळली. "मी थांबले नव्हते. म्हणून आता झाडं काढते. झाडाची रेघ हलली तरी चालतं. डोळ्याची नाही चालत."

ग्युरीने पट्टा सोडला. मग, पुन्हा विचार करायला वेळ मिळू नये म्हणून, लगेच संपादक मेंग यांना फोन लावला.

"सुट्टी? किती, एक आठवडा?" त्यांनी विचारलं. "एक चालेल."

एक म्हणणं फार सोपं होतं.

"सहा," ती म्हणाली.

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली. "सहा आठवड्यांत वाचक नाव विसरतात हो. बुधवारची जागा राहील असा शब्द मी देऊ शकत नाही."

"नका देऊ," ती म्हणाली.

"बरं. मग दिलगिरीचं चित्र तेवढं पाठवा. नायिका वाकून माफी मागतेय, असं. सगळेच देतात."

ग्युरीने मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. एकच चित्र. अर्ध्या तासाचं काम.

"चित्र नाही जमणार. दोन ओळी लिहून पाठवते."

"नुसत्या ओळी?"

"हो."

"हं," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

त्या 'हं'चा अर्थ लावत ती डाव्या हाताने कीबोर्डवर एकेक अक्षर शोधू लागली.