साक्षीदाराचा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो. पोपटाचा नव्हे, साक्षीदाराचा. आणि तोही खऱ्या कोर्टातला नाही. टीव्हीवरच्या एका हसवणाऱ्या, मधूनच रडवणाऱ्या मालिकेत कोर्टाचा एक भाग होता, त्यासाठी मला बनवलं.

मला मिस्त्रींनी घडवलं. तीन बाजूंना पातळ प्लायवूड, वर शिसवी रंग, मागची बाजू उघडी. "नुसता दिसायला भक्कम हवा," असं त्यांना बजावलं होतं. सेटवर सगळ्यांचीच तऱ्हा ती. न्यायाधीशांच्या मागची कायद्याची पुस्तकं तर थर्माकोलची होती.

साक्ष द्यायची होती मालिकेतल्या आजोबांना. त्या नटाचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे त्यांना आजोबाच म्हणत. साक्ष उभ्याने द्यायची आणि त्यांच्या गुडघ्यांनी तर कधीच हात टेकले होते. आदल्या दिवशी ते हळूच मिस्त्रींकडे आले.

"मिस्त्री, आत टेकायला एक फळी ठोकून द्या. वरून उभा दिसलो की झालं. आणि कुणाला बोलू नका हो. पाय गेले असं कळलं तर लेखक आजोबांना परगावी धाडतील आणि माझा पत्ता कट."

"अहो, पण डॉक्टरांना दाखवा की."

"दाखवलं. म्हणून तर फळी मागतोय."

मिस्त्रींनी माझ्या आत, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर, जेमतेम टेकता येईल एवढी अरुंद फळी स्क्रूने घट्ट बसवली. सकाळी आजोबांनी अशी झकास साक्ष दिली की दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "या वयात काय ताठ उभे राहता हो." मला आपलं उगाच मूठभर मांस चढलं.

दुपारी कॅमेरा माझ्या उघड्या पाठीमागे न्यायचं ठरलं. मिस्त्री जेवायला गेले होते. कला विभागातल्या नव्या माणसाला माझ्यातली फळी दिसली. कॅमेऱ्यात येईल म्हणून त्याने स्क्रू काढून ती बाजूला केली. तेवढ्यात कॅमेरामन म्हणाला, "अरे, फक्त खांदेच दिसणार आहेत." झालं. सेटवरची वस्तू जशी होती तशीच दिसली पाहिजे, हा नियम त्याला पाठ होता. त्याने फळी होती तिथे, पट्ट्यांवर, नुसतीच नीट ठेवून दिली. स्क्रू राहिले खिशात. त्याला ते सामान ठेवायचं फळकूट वाटलं होतं, त्याला तरी काय बोलायचं? मला मात्र सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

शॉट सुरू झाला. वकिलाने विचारलं, "आजोबा, खरं बोलताय ना?"

"मग खोटं बोलायला का इथे उभा आहे?" असं म्हणून आजोबा टेकले, आणि फळीसकट धाडकन खाली आले.

सगळा सेट हसला. बाईंनी आवाज जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबला, पण कट म्हटलं नाही. आजोबांची बोटं माझा कठडा घट्ट धरून होती. खालूनच ते म्हणाले, "चालू द्या वकीलसाहेब, मी ऐकतोय." पुन्हा हशा. मग कट झालं, टाळ्या पडल्या. आजोबा काही उठले नाहीत.

मिस्त्री धावत आले. "लागलं का हो?"

"शॉट मिळाला ना, ते सांगा आधी," आजोबा म्हणाले. ते पांढरेफटक पडले होते.

खुबा मोडला होता. पुढच्याच आठवड्यात मालिकेतले आजोबा परगावी गेले. खरे आजोबा सेटवर पुन्हा दिसले नाहीत.

आता मी गोदामात रंगाच्या डब्यांखाली पडून आहे. मिस्त्री एकदा आले होते. स्क्रूच्या रिकाम्या भोकांवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि निघून गेले. इथला पहारेकरी मोबाइलवर तो पडण्याचा तुकडा अजून लावतो आणि पोट धरून हसतो. तुकडा आजोबा पडतात तिथेच संपतो.

मित्रांनो, कुणी पडलं की हसू येतंच, त्याला इलाज नाही. खुशाल हसा. पण तो माणूस उठला का, एवढं बघायला थांबत जा.